तळघराचे दार

दिवाळीच्या अंकात मद्याचा विषय काढल्याबद्दल आमच्या सौभाग्यवतींनी आधीच नापसंती दर्शविली आहे. "सणासुदीला लिहायला दुसरं काही सुचलं नाही का हो?" हा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. परंतु ज्या प्रवासाविषयी मी लिहिणार आहे त्यात त्या पूर्ण वेळ माझ्याबरोबर होत्या आणि सर्वांत अधिक शंका त्यांनीच विचारल्या होत्या, हे वाचकांच्या कानावर घालणे मला अवश्य वाटते. शिवाय पिण्याबद्दल मी लिहिणार आहे ते थोडेच. लिहायचे आहे ते एका दाराबद्दल. वाईन जिथे मुरते त्या तळघराचे दार इतकी शतके कुणाला उघडे होते, कुणाला बंद होते, आणि एके दिवशी ते सर्वांनाच उघडावे असे मालकांना का वाटले, एवढीच ही हकीकत आहे.

इटलीत मे महिन्याच्या अखेरच्या शनिवार-रविवारी एक उत्सव असतो. त्याचे नाव 'कान्तीने आपेर्ते', म्हणजे 'उघडी तळघरे'. १९९३ साली तो सुरू झाला. त्या दोन दिवसांत देशभरची शेकडो तळघरे येईल त्याला आत घेतात. दारात तुम्ही एक काचेचा पेला विकत घ्यायचा, तो कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवायचा, आणि मग या तळघरातून त्या तळघरात फिरत राहायचे. शाळेत जाणाऱ्या पोराच्या गळ्यात आई पाण्याची बाटली अडकवते, तशी ही प्रौढ, पोक्त, क्वचित टक्कल पडलेली मंडळी गळ्यात पेला लटकावून डोंगर चढताना पाहिली की प्रथम हसू येते. थोड्या वेळाने आपल्याही गळ्यात पेला असतो.

आम्ही निफाड तालुक्यातले. धाकट्या भावाची द्राक्षबाग आहे. मी स्वतः शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो. पुतण्या फ्लॉरेन्सला नोकरीला आहे. त्याच्या आग्रहाने यंदा मे महिन्यात आम्ही दोघे तिकडे गेलो आणि कियान्तीच्या टेकड्यांत या उत्सवाचे एक दोन दिवस काढले. द्राक्षे पाहण्यात मला नवल नव्हते. आमच्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये खरडछाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. तिकडे हिवाळ्यात वेल झोपतो, तेव्हा एकदाच छाटणी; आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. मेअखेर वेलीला फुलोरा धरण्याचे दिवस असतात. तळघरात गेल्या हंगामाचा रस मुरत पडलेला असतो, हाताला काम कमी असते. पाहुणे बोलवायला हाच काळ सोयीचा, हे कुठल्याही बागायतदाराला सांगावे लागणार नाही.

परंतु इतिहासाच्या मास्तराला एवढ्याने समाधान कसे व्हावे? उत्सव १९९३ चा. टस्कनीत वाईन तर रोमन लोकांच्याही आधीपासून, एत्रुस्कनांच्या काळापासून होते. मग अडीच हजार वर्षांनंतर या लोकांना दारे उघडण्याची निकड का भासली?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर फ्लॉरेन्स शहरातच भिंतीत बसविलेले आहे. जुन्या शहरातल्या सरदार घराण्यांच्या वाड्यांना मोठ्या दरवाजाशेजारी एक इवलीशी कमानदार खिडकी दिसते. उंची सुमारे वीतभर-दीड वीत, रुंदी त्याहून कमी. देवळीएवढी. एक बाटली आणि एक हात, एवढेच तिच्यातून जाऊ शकते. अशा दीडशेहून अधिक खिडक्या शहरात आजही मोजता येतात. सोळाव्या शतकात मेदिची घराण्याचे राज्य स्थिर झाल्यावर फ्लॉरेन्सच्या धनिकांनी व्यापारातला पैसा काढून जमिनीत घातला, आणि १५५९ साली पहिल्या कोसिमोने त्यांना आपल्या मळ्यातली वाईन आपल्या वाड्यातूनच किरकोळ विकण्याची मुभा दिली. मधला दुकानदार गेला. गिऱ्हाईकाने खिडकीवर टकटक करायची, रिकामा बुधला आत सारायचा, भरून घ्यायचा. बेल्ले दोन्ने नावाच्या गल्लीत अशा एका खिडकीवर विक्रीच्या वेळा संगमरवरात कोरलेल्या आहेत, उन्हाळ्याच्या वेगळ्या, हिवाळ्याच्या वेगळ्या. पुतण्याने त्या वाचून दाखवल्या, तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "आपल्या रेशनच्या दुकानावर एवढ्या स्पष्ट लिहिलेल्या नसतात."

या खिडकीचे एक मोठे सत्कृत्य इतिहासात नोंदलेले आहे. १६३० ते १६३३ या काळात फ्लॉरेन्समध्ये प्लेगची साथ होती. फ्रान्चेस्को रोन्दिनेल्ली याने तिचा वृत्तान्त लिहिला. त्यात तो सांगतो की, विकणारे लोक गिऱ्हाईकाच्या हातातून नाणी घेत नसत. धातूचे एक फावडेवजा तबक बाहेर सरकवीत, त्यावर नाणी टाकायची, आणि मग ती सिरक्याने शुद्ध करून घेतली जात. तीनशे नव्वद वर्षांनी, २०२० च्या साथीत, यातल्या काही बुजलेल्या खिडक्या पुन्हा उघडल्या आणि त्यांतून पेले बाहेर येऊ लागले. इतिहास स्वतःची पुनरावृत्ती करतो की नाही यावर विद्वान वाद घालोत. खिडकीने मात्र केली.

आता या खिडकीकडे जरा थांबून पाहा. मालक आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये दुसरे कुणी नाही, ही तिची थोरवी. वाईन आंबट निघाली तर गिऱ्हाईक उद्या त्याच खिडकीवर येऊन बोंब मारील, आणि वाड्यावर तर घराण्याचे चिन्ह कोरलेले. पण खिडकी एवढीशी का? हात आत जावा, डोळा जाऊ नये म्हणून. विक्री उघडी आणि तळघर बंद, अशी ती व्यवस्था होती.

आणि तळघराला दुसरीही एक बाजू होती. वाईन वाड्यात येई ती मळ्यातून. मळ्यात राबत असे ते कूळ. टस्कनीत 'मेत्झाद्रिया' नावाची पद्धत होती. आपल्या भाषेत निम्म्या वाट्याची बटाई. मालकाने जमीन, घर आणि भांडवल द्यायचे, कुटुंबाने राबायचे आणि पीक निम्मे-निम्मे वाटायचे. हिशेबाची वही मालकाच्या कारभाऱ्याकडे; पिंपे मालकाच्या तळघरात; किल्ली अर्थातच मालकाच्या कमरेला. कित्येक करारांत कुळाच्या घरचे लग्नदेखील मालकाच्या संमतीवाचून होत नसे. चांगला रस पिंपात गेल्यावर जो चोथा उरे, त्यावर पाणी ओतून एक पातळसे पेय काढीत. त्याला 'आक्वेरेल्लो' म्हणत. कुळाच्या घरी पुष्कळदा प्यायचे ते हे. ही चालही नवी नव्हती; रोमन ग्रंथकार कातो याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात शेतीवर पुस्तक लिहिले, त्यातही काढणीनंतरचे तीन महिने गुलामांना असे चोथ्याचे पाणी द्यावे असे सांगून ठेवले आहे.

आपल्याकडे १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ ला कसणारा जमिनीचा मालक ठरला. इटलीत नव्या बटाईच्या करारांना १९६४ च्या कायद्याने बंदी झाली आणि उरलेले करार खंडाच्या करारात बदलण्याचा कायदा १९८२ साली झाला. मधल्या काळात कुळांची पोरे कारखान्यांत गेली. टेकड्यांवरची दगडी घरे ओस पडली. त्याच घरांत आज परदेशी पाहुणे उतरतात आणि 'किती शांत आहे इथे' म्हणतात. ती शांतता कुठून आली हे भाड्याच्या पावतीवर लिहिलेले नसते.

खिडकीच्या जोडीला दुसरी एक गोष्ट वाढत होती, ती म्हणजे नाव. १७१६ साली तिसऱ्या कोसिमोने एक फर्मान काढून कियान्ती, पोमिनो, कार्मिन्यानो आणि आर्नो नदीचे वरचे खोरे या चार प्रदेशांच्या सीमा आखून दिल्या. या सीमेबाहेरच्या वाईनला ते नाव लावायचे नाही. अशी फर्माने निष्कारण निघत नाहीत. नाव विकले जाऊ लागले होते, म्हणजे खोटे नावही विकले जात होते. जसजसा माल दूर जाऊ लागला तसतशी खिडकी निरुपयोगी होत गेली. लंडनच्या गिऱ्हाईकाने कुठल्या खिडकीवर टकटक करायची? त्याने नावावर विश्वास ठेवायचा. १९६३ साली इटलीने नावांचा नवा कायदा केला; कोणत्या गावची, कोणत्या जातीची द्राक्षे, किती उतारा, सारे कागदावर आले. परंतु कायदा नाव असलेल्या वाईनचा होता. नाव नसलेली, रोजच्या जेवणाची, मोठ्या बाटलीत मिळणारी स्वस्त वाईन टँकरमधून या प्रांतातून त्या प्रांतात जात होती. आज एकाने घेतली, उद्या दुसऱ्याने मिसळली, परवा तिसऱ्याने बाटलीत भरली.

मार्च १९८६ मध्ये मिलान आणि आसपास माणसे मरू लागली. कुणाची दृष्टी गेली, कुणाचा प्राण. चौकशीत निघाले ते असे. वाईनचा कस तिच्यातल्या मद्यार्कावर मोजतात आणि त्यावर भाव ठरतो. ऊन कमी पडले, द्राक्षात साखर कमी भरली, की कस कमी. वरून साखर घालणे इटलीत कायद्याने बंद आहे. द्राक्षरस आटवून घालता येतो, पण तो महाग पडतो. काही व्यापाऱ्यांनी त्याऐवजी मिथेनॉल घातले. ते रंगहीन, स्वस्त, आणि साध्या मोजमापात मद्यार्कासारखेच दिसणारे. वाईनमध्ये निसर्गतःच त्याचा किंचित अंश असतो, त्याने काही होत नाही. पण मात्रा वाढली की शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते प्रथम डोळ्यांच्या नसांवर घाला घालते. तेवीस माणसे गेली. ती कुणी व्यसनी मंडळी नव्हती. जेवणाबरोबर घोटभर घेण्यासाठी बाजारातून स्वस्तातली बाटली आणणारी साधी माणसे होती. आपण वाण्याकडून गोडेतेल आणावे तशी.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, शेजारच्या ऑस्ट्रियात वाईनला गोडवा आणि दाटपणा यावा म्हणून डायएथिलीन ग्लायकॉल घातल्याचे उघडकीला आले होते. आता इटली. परदेशी गोदामांत इटालियन बाटल्या अडकून पडल्या. ज्यांनी काहीच केले नव्हते त्यांच्याही.

या पार्श्वभूमीवर १९९२ मध्ये नावांच्या कायद्याची फेरमांडणी झाली, आणि १९९३ मध्ये दोनातेल्ला चिनेल्ली कोलोंबीनी या मोन्ताल्चिनोच्या बाईंनी वाईन-पर्यटनाची चळवळ उभी करून उघड्या तळघरांचा दिवस सुरू केला. त्यामागे व्यापार होता, पर्यटन होते, ओस पडलेल्या टेकड्यांवर माणसे परत यावीत ही इच्छा होती. परंतु त्याला जो प्रतिसाद मिळाला त्याचे एक कारण, माझ्या मते, त्या सात वर्षांच्या आत घडलेल्या मृत्यूंत शोधावे लागते. खिडकीच्या जागी दार आले. हात जात होता तिथे आता डोळे जाणार होते.

आम्ही पाहिलेल्या तळघरांपैकी एक सत्तरीच्या बाईंचे होते. नातू पेले धूत होता, सून पाव आणि चीज कापत होती. बाई स्वतः पाहुण्यांना आत नेत होत्या. जुन्या सिमेंटच्या टाक्या, त्यांच्यापुढे चकचकीत पोलादाच्या, आणि आतल्या गारव्यात क्रोएशियातल्या स्लावोनियाच्या ओकची माणसाहून उंच पिंपे. मी दोन घोट घेतले. तुरट, जिभेवर थोडी जांभळाची आठवण ठेवून जाणारी चव. सौभाग्यवतींनी वास घेऊन पेला माझ्याकडे दिला आणि सरळ प्रश्न टाकला, "अरे, त्यांना विचार, यात घालतात काय काय?"

पुतण्याने विचारले. बाई म्हणाल्या, "द्राक्षं. आणि टिकावी म्हणून थोडं गंधक. बाटलीवर तसं छापावंच लागतं."

"म्हणजे बेदाण्याला धुरी देतो तसंच," सौ. समजून म्हणाल्या, आणि ते भाषांतर होऊन पोचल्यावर त्या दोघींची जी गट्टी जमली, ती पाहून आम्ही दोघे काका-पुतणे बाजूला झालो.

नंतर मी १९८६ चा विषय काढला. बाई थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या तळघरात तसलं कधीच काही नव्हतं. पण त्या वसंतात महिनाभर एक गिऱ्हाईक फिरकलं नाही. आमचे सासरे रोज संध्याकाळी जेवताना पेला भरून पीत, फाटकासमोर बसून, रस्त्यावरून दिसावं म्हणून. याहून दुसरा पुरावा काय देणार?"

तो म्हातारा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. प्रयोगशाळेचा दाखला गिऱ्हाईकाला वाचता येत नाही, आणि कायदा दूर राजधानीत असतो. माणसापाशी अखेर स्वतःचे तोंड उरते. तेच त्याने रस्त्याकडे केले. उघड्या तळघराच्या उत्सवात पाहुण्याला जे मिळते तेही हेच: विचारल्यावर उत्तर देणारे एक तोंड.

दाराने सारे काही साधते असे मात्र मी म्हणणार नाही. २००८ मध्ये ज्या मोन्ताल्चिनोच्या भूमीत ही कल्पना रुजली होती, तिथल्याच प्रसिद्ध 'ब्रुनेल्लो' वाईनमध्ये काहींनी नियमाबाहेरची द्राक्षे मिसळल्याच्या संशयावरून सरकारी चौकशी झाली. ब्रुनेल्लो ही फक्त सान्जोवेझे जातीच्या द्राक्षांची असावी असा नियम. त्या वर्षी ऑक्टोबरात तिथल्या उत्पादकांनी मतदान करून हा नियम मोठ्या बहुमताने कायम ठेवला. तेव्हा दारे उघडी होती, पाहुणे येत होते, आणि तरीही पिंपात काय आहे ते पाहुण्याला डोळ्यांनी कळले नसते. तिथे तपासनीसच लागला. दार आणि तपासनीस, दोघेही हवेत. एकाचे काम दुसरा करू शकत नाही.

परतीच्या बसमध्ये सौभाग्यवती खिडकीबाहेर पाहत होत्या. मध्येच म्हणाल्या, "अहो, ती तेवीस माणसं गेली म्हणालात, ती अशा तळघरात कधी आली असती का?"

मी इतिहास शिकविण्यात जन्म घालविला. पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. गळ्यात पेला अडकवून टेकड्या चढणारे लोक निराळे, आणि महिनाअखेर स्वस्त बाटली पाहून उचलणारे निराळे. दार उघडले ते पहिल्यांसाठी. विष गेले होते दुसऱ्यांच्या पोटात.

आणि एकदा हा धागा हाती आल्यावर तो आपल्या घरापर्यंत ओढत येतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक प्रकरण आहे. त्यात द्राक्षांच्या मद्याला 'मधु' म्हटले आहे आणि कापिशायन म्हणजे कपिशा देशचे मद्य नावानिशी सांगितले आहे. इतका बारकावा. त्याच प्रकरणात बिघडलेल्या मद्याचे काय करावे हेही सांगितले आहे: ते दासांना आणि मजुरांना वेतन म्हणून द्यावे, नाहीतर डुकरांना घालावे. कातोचे चोथ्याचे पाणी, टस्कनीचे आक्वेरेल्लो आणि कौटिल्याचे हे बिघडलेले मद्य एकाच वाटेने खाली उतरते.

महाराष्ट्रात २००१ साली सरकारने द्राक्षांवर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगासाठी धोरण आखले आणि नाशिकच्या परिसरात वायनऱ्या उभ्या राहिल्या. आज तिथे रविवारी मोटारी लागतात. मार्गदर्शक पोलादी टाक्या दाखवितो, लोक छायाचित्रे काढतात. आमच्या भागातल्या द्राक्षांना नाव मिळाले, दारे उघडली, चांगले झाले. आणि २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीच्या वस्तीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. विष तेच, मिथेनॉल. पिणारे बहुतेक मजुरी करणारे. १९४९ चा दारूबंदीचा कायदा तेव्हाही पुस्तकात होता. तो गुत्ता कुठे आहे हे वस्तीला ठाऊक होते. पण त्याला विचारता येईल असे तोंड नव्हते, आणि तपासावयाला कुणी आत गेले नव्हते. माणसे मेल्यावर गेले.

म्हणून टस्कनीच्या तळघरांची हकीकत सांगताना मी तिच्या रम्यपणावर थांबत नाही. नाव असलेल्या, महागाच्या बाटलीमागे आज घराणे उभे आहे, कायदा उभा आहे, उघडे दार आहे. स्वस्त बाटली घेणाऱ्याला यातले काय मिळते, यावरून त्या समाजाची पारख करावी. हे केवळ मद्याचे नाही. या दिवसांत घरोघरी येणारे तेल, तूप, खवा आणि बेसन यांनाही हाच न्याय लागू आहे. ज्याला पारख आहे आणि पैसा आहे तो दार शोधून काढतो. ज्याच्यापाशी दोन्ही नाही, त्याच्या वतीने आत जाऊन पिंपात डोकावण्याचे काम कुणीतरी, माणसे मरण्याच्या आधी, केले पाहिजे.